दिवाळीच्या सुट्टीत सगळं घर एका टीव्हीपुढं: हॉल की गच्ची, जुन्या कॅसेटी, आवाज, बैठक

साखरपेठ_वाडा

मंडळी, यंदा लक्ष्मीपूजन ते भाऊबीज घरात १९ माणसं. सहा जण साठीच्या पुढचे, पाच पोरं दहाच्या आतली. ठरलंय असं की रोज संध्याकाळी सगळ्यांनी एकाच पडद्यापुढं बसायचं, पूर्वी रविवारी सकाळी बसायचे तसं. मोबाईल बाजूला, आणि ‘जरा मागं घे, पुढं पळव’ बंद.

हाताशी असलेलं सामान: ५५ इंची एलईडी टीव्ही, फ्री डिशचा जुना बॉक्स, दोन व्हीएचएस कॅसेटी (एक लग्न, एक मुंज, दोन्ही १९९३-९४ च्या), पत्र्याच्या माळ्यावर पडून असलेला व्हीसीआर आणि २१ इंची जुना डबा टीव्ही, जो अजून लागतो. जागा दोन: खालचा हॉल १२ बाय १८ फूट, नाहीतर गच्ची.

हॉल घ्यावा की गच्ची? कॅसेटी कशा दाखवायच्या? आणि पोरांना गंमत म्हणून जुन्या डब्यावरच काही दाखवता येईल का? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

वायरमन_भवानीपेठ

कॅसेटीपासून सुरुवात करा अण्णा, बाकी सगळं एका दिवसात होतं. आणि एक ठरवूनच टाका: दिवाळीच्या संध्याकाळी व्हीसीआरवरून थेट दाखवायचं नाही. आधी कॅसेटीवरून फाइल करायची आणि फाइल दाखवायची. १९ माणसं बसल्यावर टेप अडकली तर तो कार्यक्रम तिथंच संपला, आणि टेपही गेली.

आधी कॅसेट बघा. खिडकीतून बॅटरीचा उजेड आत मारा. टेपच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरट ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. अशी कॅसेट व्हीसीआरात घालायचीच नाही. बुरशी हेडवर (टेप वाचणाऱ्या टोकावर) जाते आणि मागून घातलेल्या चांगल्या कॅसेटीलाही लागते. ती वेगळ्या पिशवीत बांधून जुनं काम करणाऱ्याकडं द्या. बुरशी नसेल तर कॅसेट दोन दिवस घरातल्या हवेत उभी ठेवा, आडवी नको.

आता व्हीसीआर. सोलापूरचा मे म्हणजे ४२-४३ अंश, पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. अशा उन्हाळ्यांनी आतले रबरी पट्टे एकतर ताठर होतात नाहीतर डांबरासारखे चिकट. खूण अशी: कॅसेट आत घेतो, गरगर आवाज करतो आणि दोन-चार सेकंदांत बाहेर टाकतो. तो कॅसेटीचा दोष नव्हे, पट्ट्याचा किंवा गुळगुळीत झालेल्या पिंच रोलरचा (टेप दाबून पुढं ओढणाऱ्या रबरी चाकाचा) आहे. पट्टे बदलल्याशिवाय तुमची कॅसेट आत घालू नका. चाचणीला फेकायची, बिनकामाची कॅसेट वापरा.

हेड साफ करायची रीत, कारण इथंच सगळे चुकतात:

प्लग काढा. वरचं झाकण उघडा. मधोमध चकचकीत गोल ड्रम दिसेल, थोडा तिरका बसवलेला. आयसोप्रोपिल अल्कोहोल ९९ टक्क्यांचं घ्या. मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं नको, उरलेलं त्यात पाणी असतं. साध्या झेरॉक्स कागदाची दोन बोटं रुंद पट्टी अल्कोहोलात भिजवून ड्रमच्या कडेला नुसती टेकवून धरा. दाबायचं नाही. दुसऱ्या हाताच्या बोटानं ड्रमचा वरचा भाग सावकाश फिरवा, आठ-दहा फेऱ्या. कागदावर काळी-तपकिरी रेघ उमटेल. पट्टी बदला, रेघ उमटायची थांबेपर्यंत हेच.

कागद हलवायचा नाही, ड्रम फिरवायचा. आणि वर-खाली तर कधीच घासायचं नाही. हेडचं टोक फेराइटचं असतं, केसाइतकं बारीक, वर-खाली घासलं की तुटतं. कापसाची काडीही नको, तिचे तंतू त्याच फटीत अडकतात. झाल्यावर १५ मिनिटं वाळू द्या. पाल्सचा ड्रम मिनिटाला १५०० फेऱ्या घेतो, ओला असताना सुरू केलात तर टेप त्याला चिकटते आणि गुंडाळली जाते.

वायरमन_भवानीपेठ

वर ‘पाल्स’ झालंय, ‘पाल’ वाचा. आपल्याकडची चित्रपद्धती.

चाटीगल्ली_७४

कॅसेटीवरून फाइल करायचं सांगतो.

आधी कॅसेट शेवटापर्यंत पुढं पळवा, मग पूर्ण मागं. वर्षानुवर्षं एकाच ताणात पडलेली टेप एकसारखी गुंडाळली जाते आणि चित्र हलायचं कमी होतं. मग व्हीसीआरच्या मागची पिवळी-पांढरी-लाल पिन यूएसबी कॅप्चरच्या तुकड्याला आणि तो लॅपटॉपला.

सॉफ्टवेअरमध्ये पद्धत पाल, आकार ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. बरेच तुकडे आपोआप अमेरिकन पद्धतीवर सुरू होतात. मग चित्र काळं-पांढरं येतं किंवा वर-खाली लोळतं आणि माणूस कॅसेट खराब समजून टाकून देतो. कॅसेट ठीक असते, सेटिंग चुकलेलं असतं.

चित्रात आडवी गडबड दिसली तर व्हीसीआरचं ट्रॅकिंग (हेड टेपवरच्या रेघांशी जुळवायची कळ) फिरवा. अगदी खालच्या कडेला दोन-चार रेघा तुटलेल्या दिसतातच, ती व्हीएचएसची जात आहे. त्यासाठी झगडू नका, नंतर काळ्या पट्टीनं झाका.

कॅसेट तीन तासांची असेल तर कॅप्चरही तीन तासच चालणार, घाईचा मार्ग नाही. ६ मेगाबिटनं साठवलं तर तासाला साधारण पावणेतीन जीबी, म्हणजे तीन तासांचे आठेक जीबी. पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या मांडणीचा असेल तर ४ जीबीच्या वरची एक फाइल घेतच नाही. तासातासाचे तुकडे पाडा. तुमच्या कार्यक्रमालाही ते बरं.

आवाज एकाच बाजूच्या स्पीकरला आला तर लग्नवाल्याच्या कॅमेऱ्याचा आवाज मोनो आहे. फाइल बनवताना तोच दोन्ही बाजूंना द्या.

टेप तुटलेली असेल तर सेलोटेप लावू नका. तिचा गोंद उन्हानं सुटतो आणि हेडवर बसतो. जोडायची पट्टी वेगळी मिळते, तीही टेपच्या पाठीकडून लावायची.

कडक_भाकरी

तीन तास मुंज?? १९ माणसांत अर्धी पळून जातील. कापून ४० मिनिटं करा बे.

चाटीगल्ली_७४

कापा, पण मूळ फाइल वेगळी ठेवा. आणि कापताना पंगत काढू नका. विधी सगळ्या मुंजींत सारखेच. पंगतीत कोण कोण बसलंय, कोण वाढतंय, तेच बघायला म्हातारी माणसं बसतात.

जुळे_सोलापूरची

हॉल घ्या, हे माझं स्पष्ट मत. १२ बाय १८ मध्ये १९ माणसं नीट बसतात, पण बैठक आधी खडूनं आखून घ्या.

टीव्ही १२ फुटी भिंतीवर किंवा तिच्यापुढं टेबलावर. ५५ इंची पडद्याला साधारण सव्वासात फुटांवर बसलं की चित्र डोळ्यात भरतं. म्हणून पहिली ओळ सात फुटांवर, दुसरी दहावर, तिसरी तेरावर. मांडी घालून बसलेल्या माणसाला दोन फूट रुंदी लागते. दारातून ये-जा करायला एका बाजूनं दीड-दोन फूट मोकळं सोडलं तर एका ओळीत पाच जण ऐसपैस, सहा खेटून. पोरं कमी जागा घेतात.

पहिली ओळ: सात, सतरंजीवर, पोरं आणि त्यांना धरून बसणारे दोन मोठे.
दुसरी ओळ: सहा, दिवाणावर किंवा बुटक्या बाकावर, बसायची उंची १६ इंच.
तिसरी ओळ: सहा, खुर्च्यांवर, त्याही उंच असलेल्या.

ओळीगणिक डोळ्यांची उंची निदान पाच इंच वाढली पाहिजे, नाहीतर मागच्याला पुढच्याचं डोकंच दिसतं. टीव्हीचा मध्य जमिनीपासून साडेतीन फुटांवर. आजकाल लोक भिंतीवर सहा फुटांवर टांगतात. तासाभरात पहिल्या ओळीची मान अवघडते आणि पोरं आडवी पडतात, मग झोपतात.

म्हाताऱ्या माणसांना मागं ढकलू नका. ‘आज्जी खुर्चीत बसू दे मागं’ असं प्रेमानं म्हणतात आणि तिला ना दिसतं, ना ऐकू येतं. त्यांची जागा दुसऱ्या ओळीत मधोमध. गुडघ्यामुळं खुर्चीच लागत असेल तर दुसऱ्या ओळीच्या टोकाला, भिंतीकडं. तिसरी ओळ तरण्यांची, चहा आणायला उठणारी माणसं तिथंच बरी.

कोपऱ्यातल्यांना रंग फिके दिसतात का, तेही आत्ताच बघा. टीव्हीपुढून बाजूला सरकत जा. काही पॅनेलांवर २०-२५ अंशांतच काळा रंग राखाडी होतो. तसं असेल तर ओळ सरळ न ठेवता कमानीसारखी वळवा.

गड्डा_गर्दी

हॉलमध्ये १९ माणसं आणि पंखे तीन, गुदमरून जातील. पूर्वी वाड्यात खिडकीतनं सुद्धा लोक बघायचे. गच्चीवर पडदा लावा, प्रोजेक्टर भाड्यानं आणा. पांढरी चादर बांधली की झालं.

जुळे_सोलापूरची

लक्ष्मीपूजनाच्या रात्री गच्चीवर? रॉकेटच्या काड्या कुठून येतील ते सांगता येत नाही आणि धूर एवढा की प्रोजेक्टरचा झोतच दिसतो, चित्र नाही.

पडदेवाला_अशोकचौक

दोघांचंही बरोबर आहे, दिवस वेगळे. लक्ष्मीपूजन आणि पाडवा हॉलमध्ये करा, भाऊबीज गच्चीवर. तोवर फटाके उतरलेले असतात.

पण ‘चादर बांधली की झालं’ हे नाही. सोलापुरी चादर तर नाहीच. जॅकार्डच्या विणीत नक्षी उठलेली असते, पांढऱ्यातली घेतली तरी चेहऱ्यांवर नक्षी दिसते. साधं पांढरं सुती कापड घ्या, घट्ट विणीचं, दुहेरी. मागून काळं कापड लावा म्हणजे पलीकडचे दिवे आरपार येत नाहीत. वर आणि खाली खोळ शिवून बांबू घाला, खालच्या बांबूला दोन्ही टोकांना दोन-दोन किलोचं वजन. चारही कोपरे दोरीनं ताणा. वारा सुटला की पडदा शिडासारखा फुगतो, म्हणून पॅरापेटच्या आतल्या बाजूला लावा.

१०० इंची चित्र म्हणजे २.२ मीटर रुंद. साध्या प्रोजेक्टरला त्यासाठी सुमारे ११ फूट अंतर लागतं, म्हणजे प्रोजेक्टर माणसांच्या मधोमध येतो. तिथं पोरं वायरला अडखळणार. वायर जमिनीला टेपनं चिकटवा आणि वर पायपुसणं टाका.

भाड्यानं घेताना ‘एएनएसआय ल्यूमेन’ विचारा. नुसता ‘६००० ल्यूमेन’ असा खोक्यावर छापलेला आकडा बहुधा दिव्याचा असतो, पडद्यावर पडणाऱ्या उजेडाचा नव्हे. १०० इंचाला खरे २००० पुरतात. या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, साडेसहाला सुरू करता येतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत हाच खेळ साडेसातच्या आत सुरू होत नाही, आणि स्लॅब तापलेला असतो. पाणी मारून थंड करायचा, तर नळाला रोज पाणी कुठं येतं!

परतीच्या पावसाचा भरवसा नाही. प्रोजेक्टरवर टाकायचं प्लास्टिक हाताशी ठेवा, पण चालू असताना झाकू नका, तापतो. आधी बंद करा, पंखा थांबेपर्यंत मिनिट-दोन मिनिटं छत्री धरा, मग प्लग.

रंगीत तालीम कोजागरीला करा. दूध आटवायला तसंही गच्चीवर जमतातच.

होटगीरोड_डिश

फ्री डिशबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

ही सेवा डिसेंबर २००४ पासून आहे, तेव्हा नाव डीडी डायरेक्ट प्लस. आता उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. सोलापुरातून तो जवळजवळ बरोबर आग्नेयेला येतो: उत्तरेपासून १३४ अंश, उंची ६१ अंश. मोबाईलचं होकायंत्र लोखंडी खांबाजवळ चुकतं, दोन पावलं लांब उभं राहून दिशा घ्या आणि समोरच्या एखाद्या टाकीची वा झाडाची खूण धरा.

तबकडी ६१ अंशांत आडवी झालेली दिसणार नाही. ती ऑफसेट जातीची, म्हणजे तिरक्या कोनातून सिग्नल घेणारी असते, उभ्यापासून ३५-३८ अंशच मागं कललेली दिसते. नवखे इथंच फसतात आणि आकाशाकडं तोंड करून ठेवतात. एलएनबी (तबकडीपुढच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा तुकडा) हाही सरळ ठेवायचा नसतो. डिशच्या मागं उभं राहून आग्नेयेकडं तोंड केलं तर घड्याळाच्या उलट्या दिशेनं साधारण ४०-४५ अंश फिरवा.

बॉक्सवर दोन पट्ट्या दिसतात. ‘स्ट्रेंग्थ’ बघू नका, ती नुसती वायर जोडली तरी वाढते. ‘क्वालिटी’ बघा. तबकडी केसाकेसानं हलवा आणि दर वेळी तीन-चार सेकंद थांबा, बॉक्सला आकडा दाखवायला वेळ लागतो. नट घट्ट करताना तबकडी हमखास थोडी सरकते, म्हणून एकीकडचा नट पूर्ण आवळायच्या आधी दुसरीकडचा अर्धा आवळा.

जुना बॉक्स एमपेग-२ चा (चित्र दाबून पाठवायची जुनी पद्धत) असेल तर काही वाहिन्यांवर नुसता आवाज किंवा काहीच येणार नाही, त्या एमपेग-४ मध्ये असतात. डिश फिरवत बसू नका, बॉक्स बदला.

वायर आरजी-६ घ्या. टोकाला मधली तार कनेक्टरच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटरच बाहेर. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला लागला तर एलएनबीला वीज जात नाही.

कडक_भाकरी

जुन्या अँटेनावर दूरदर्शन लागतंय का पोरांना दाखवायला? तो ॲल्युमिनियमचा सांगाडा अजून कितीतरी गच्च्यांवर आहे. कावळे बसतात.

होटगीरोड_डिश

नाही. दूरदर्शनचे जवळपास सगळे जुन्या पद्धतीचे जमिनीवरचे प्रक्षेपक २०२२ पर्यंत बंद झाले. आता त्या सांगाड्यातून फक्त मुंग्या.

पण पोरांना समजवायला सांगाडा उत्तम आहे. मधला बंद लांबट वळसा म्हणजे खरी अँटेना, मागची सगळ्यात लांब काडी परतवणारी, पुढच्या लहान होत जाणाऱ्या काड्या दिशा देणाऱ्या. वळशाची लांबी मीटरमध्ये काढायची तर १४३ भागिले मेगाहर्ट्झ. चौथ्या चॅनेलला, ६४-६५ मेगाहर्ट्झला, सव्वादोन मीटर. नवव्याला, २०५ च्या आसपास, फक्त ७० सेंटिमीटर. म्हणून काही घरांवर राक्षसी अँटेना असायच्या आणि काहींवर आटोपशीर. कपडे वाळत घालायला मोठीच बरी होती.

मधलामारुती

रविवारचं म्हणताय तर तारखा नीट असू द्या, घरात कुणीतरी चुकीचं सांगेल. ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८, रविवारी सकाळी साडेनऊ. ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९०. टाळेबंदीत २८ मार्च २०२० पासून दोन्ही परत दाखवली, तेव्हा घराघरांत तिसऱ्या पिढीनं बघितली.

बांधलेली वेळ हाच त्या रविवारचा गाभा होता. साडेनऊला सुरू म्हणजे सुरू, अंघोळ राहिली असेल तर राहिली. तुम्ही फाइल दाखवताय, म्हणजे थांबवायची सोय आहे, आणि एकदा थांबवली की दर पाच मिनिटांनी कुणीतरी थांबवायला सांगणार. वेळ कागदावर लिहून दाराला लावा: ६.३० ते ७.१०, दहा मिनिटं चहा, ७.२० ते ८. उशिरा येणाऱ्याला कुणी मागचं सांगायचं नाही.

गड्डा_गर्दी

आणि बिघाड झाला तर ‘रुकावट के लिए खेद है’ची पाटी! एक चित्र करून पेनड्राइव्हवर ठेवा, वायर शोधेपर्यंत लावायची. 😄

मधलामारुती

ही खरंच उपयोगी आहे. निळा पडदा आला की माणसं उठतात, पाटी लावली की हसत बसून राहतात.

वायरमन_भवानीपेठ

जुन्या डब्यावर दाखवायचं राहिलं होतं. एचडीएमआय ते एव्ही कन्व्हर्टर घ्या. त्याच्या अंगावर पाल आणि एनटीएससी (ती अमेरिकन पद्धत) अशी छोटी कळ असते, ती पालवर. डब्याला एव्ही पिनच नसेल, नुसता अँटेनाचा खड्डा असेल तर मधे आरएफ मॉड्युलेटर लागतो, तो एव्हीचा सिग्नल अँटेनाच्या खड्ड्यातून जाईल असा करतो.

कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग दिसला तर शेजारी ठेवलेल्या स्पीकरचा चुंबक कारण आहे. स्पीकर दोन फूट लांब करा, डबा अर्धा तास बंद ठेवून परत लावा. चालू होताना ‘धुंऽऽ’ असा आवाज येतो ना, तेव्हा आतली कॉइल तो डाग पुसते. लगेच बंद-चालू करून उपयोग नाही, तिला थंड व्हायला वेळ लागतो.

मागचं झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही रंगीत ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहतात.

२१ इंचापुढं पाच-सहा माणसंच बसतात. पोरांपुरता अर्धा तास ठेवा, जेवणाआधी.

जुळे_सोलापूरची

५५ इंचीवर जुनं दाखवताना एक बघाच. जुनं चित्र ४:३ असतं, नवा टीव्ही ते ताणून पूर्ण पडद्यावर बसवतो आणि नवरदेव आडवा सुटल्यासारखा दिसतो. ‘पिक्चर साइज’मध्ये ४:३ करा. बाजूला काळ्या पट्ट्या राहतील, त्या राहू द्या. तेव्हा ५५ इंचीवर खरं चित्र ४५ इंचांचं होतं. म्हणजे जुन्या कॅसेटीला पहिली ओळ फूटभर पुढं सरकली तरी चालेल. ‘शार्पनेस’ कमी करा आणि हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद. ते चालू असलं की कॅसेटीतले मुंग्यांचे ठिपके चेहऱ्यावर पोहत असल्यासारखे दिसतात.

ध्वनी_सातरस्ता

आता आवाज. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली नाहीतर मागं तोंड करून असतात. १९ माणसं, त्यात पाच पोरं, म्हणजे बोलणं कळणार नाही. आवाज वाढवला की संगीत अंगावर येतं आणि बोलणं तेवढंच अस्पष्ट राहतं.

एक बरा पॉवर्ड स्पीकर (आतच ॲम्प्लिफायर असलेला) टीव्हीच्या शेजारी, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. मागं ठेवायचा नाही, तोंड पुढं हलतंय आणि आवाज पाठीमागून, त्यानं म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो. ब्लूटूथनं जोडू नका, पावशेक सेकंद उशीर होतो, ओठ आधी हलतात. वायरनं जोडा. ऑप्टिकलनं जोडून काहीच आवाज येत नसेल तर टीव्हीचं ध्वनी सेटिंग ‘पीसीएम’ (साधा, न दाबलेला आवाज) करा, नव्वद टक्के वेळा तेच असतं. बास कमी करा, दोन ते चार किलोहर्ट्झची पट्टी थोडी उचला. शब्द स्पष्ट करणारी व्यंजनं बरीचशी तिथंच असतात.

‘घूंऽऽ’ अशी घरघर आली तर टीव्ही, बॉक्स, स्पीकर तिन्ही एकाच बोर्डावरून घ्या. तरी राहिली तर डिशची वायर काढून बघा. घरघर थांबली तर अर्थिंगचा घोळ तिथून येतो.

तुमचा हॉल फरशी आणि स्लॅबचा असणार, आवाज घुमतो. इथं सोलापुरी चादरी कामाला लावा: मागच्या भिंतीला दोन चादरी चुण्या पाडून टांगा, ताणून नाही. टाळी वाजवून आधी आणि नंतरचा फरक ऐका.

गच्चीवर रात्री १० नंतर स्पीकर बंद. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, आणि शेजारी आहेत.

आक्का_दत्तनगर

खायचं मीच लिहिते मग. १९ माणसांना पहिल्या बैठकीला चुरमुऱ्याचा चिवडा: चुरमुरे ७५० ग्रॅम, शेंगदाणे पाव किलो, डाळवं १५० ग्रॅम, तेल दीड वाटी, लसणाच्या २५ पाकळ्या ठेचून, कढीपत्ता दोन मुठी, हळद दोन चमचे, वरून शेंगा चटणी चार चमचे. चुरमुरे दुपारी दोन तास उन्हात घाला, नाहीतर कढईत मंद आचेवर दाबल्यावर कुर्र वाजेपर्यंत परता. मऊ चुरमुऱ्याला तेल लागलं की चिवडा चामट होतो. शेंगा चटणी फोडणीत घालू नका, करपते. गॅस बंद करून घाला.

परातीत एकत्र ठेवू नका, दर पाच जणांत एक वाटगं. आणि कडक भाकरीचा चुरा, चकली, पापड हे बोलण्याच्या प्रसंगात नको, चावायच्या आवाजात काही ऐकू येत नाही. ते चहाच्या सुट्टीत.

आमच्या भागात घरं तेलुगू, सुना मराठी, शेजारी कन्नड. तुमच्याकडंही तसं असेल तर एक बैठक अशी ठेवा ज्यात बोलणं कमी आणि बघायचं जास्त. कॅसेटी त्यालाच उत्तम. मुंजीला भाषांतर लागत नाही.

साखरपेठ_वाडा

सगळ्यांचे आभार. कॅसेटी तपासल्या, लग्नाची स्वच्छ आहे, मुंजीच्या कडेला पांढरं दिसतंय, ती व्हीसीआरपासून लांब ठेवलीय. लक्ष्मीपूजन आणि पाडवा हॉलमध्ये, भाऊबीज गच्चीवर. शेवटचा प्रश्न: लाइट गेली तर? १५० एएच बॅटरीचा इन्व्हर्टर आहे, तीन वर्षं जुना.

वायरमन_भवानीपेठ

टीव्ही १२० वॅट, स्पीकर ४०, बॉक्स १५, मिळून पावणेदोनशे. नवी बॅटरी असती तर सात तास. दोन पंखे जोडले की सव्वातीनशेच्या वर जातं आणि साडेतीन-पावणेचार तासांवर येतं. तीन वर्षांची बॅटरी म्हणजे त्याच्या निम्मं धरा, पावणेदोन तास. तुमच्या दोन बैठकांना पुरेल, फ्रिज आणि देवघराची माळ त्यावर नसेल तर.

इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर स्पीकरमधून भुणभुण येईल, जुन्या डब्यावर आडवे पट्टे सरकतील. दोष नाही, चालवून घ्या. गच्चीवर वायर नेताना तीन तारांची, दीड चौरस मिलिमीटरची घ्या. गुंडाळी पूर्ण उलगडा, गुंडाळलेली तापते. जोड जमिनीवर नको, विटेवर ठेवा.

बॅटरीत डिस्टिल्ड पाणी आत्ताच बघा, धनत्रयोदशीला दुकानात गर्दी असते. आणि मुंजीच्या कॅसेटीचं काम दिवाळीनंतर करा, बुरशीची टेप घाईनं साफ होत नाही.